जाड, लठ्ठ की स्थूल? तपासणीच्या पत्रकात नक्की काय लिहावं?

पिंपळपार (धागाकर्ते)
नाशिकरोडला वजन, उंची आणि रक्तदाब तपासणीचं शिबिर आहे. त्यासाठी एकपानी पत्रक करायचंय. वाचणारे सगळ्या थरांतले: कारखान्यातले कामगार, भाजीबाजारातल्या बायका, निवृत्त मंडळी, शाळेतली मुलं आणि त्यांचे पालक. मसुदा इंग्रजीवरून उतरवलेला असल्यामुळे एकाच पानात "आपण जाड आहात काय?", "स्थूल व्यक्तींनी वजन कमी करावे", "लठ्ठ बालके" आणि "अतिवजनी" असे चार शब्द आलेत. हे चारही एकच आहेत का? नसतील तर कुठे कोणता? आणि आकडे टाकायचे तर कोणते? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

बारीकसारीक
'अतिवजनी' आधी खोडा. तो शब्द कुणी बोलत नाही.

'जाड'चं म्हणाल तर विरुद्धार्थी शब्द लावून बघा. जाड कापड आणि पातळ कापड. जाड पोहे आणि पातळ पोहे. पण जाड रव्याला बारीक रवा, जाड दोऱ्याला बारीक दोरा, जाड शेवेला बारीक शेव. म्हणजे 'जाड'ची घरं दोन. पसरट वस्तूच्या दोन बाजूंमधलं अंतर हे एक, आणि दाण्याचा किंवा दोरीचा घेर हे दुसरं. माणूस दुसऱ्या घरातला. तो बारीक असतो, पातळ नसतो. 'सडपातळ' हा अपवाद, पण त्यातही 'सड' जोडावा लागतोच.

द्रवाला 'जाड' लागत नाही. मिसळीचा रस्सा दाट किंवा पातळ, दही घट्ट. जाड रस्सा म्हणणारा नाशकात सापडायचा नाही, शेव मात्र जाड मागतील. केसांचं उदाहरण फार चांगलं आहे: 'जाड केस' म्हणजे एकेक केस राठ, 'दाट केस' म्हणजे संख्येने भरपूर. भाषांतरात या दोन्हींची हमखास गल्लत होते.

'जड' आणि 'जाड' हेही वेगळे. कापसाची गादी जाड असते पण जड नसते, शिशाची गोळी जड असते पण जाड नसते. माणसाला 'जड' म्हटलं की अर्थ तिसरीकडेच जातो. अंग जड झालं, म्हणजे थकवा. डोकं जड झालं, म्हणजे सर्दी नाहीतर जागरण.

अडकित्ता
वरच्याला +१. व्याकरणाची थोडी भर.

'जाड' हे विशेषण अविकारी आहे: जाड मुलगा, जाड मुलगी, जाड कापड, जाड कापडाचा. पण त्याचंच विकारी रूप 'जाडा-जाडी-जाडे' हेही चालतं: जाडेभरडे कापड, जाड्याभरड्या कापडाचा. माणसाला लावताना या दोन रूपांत फरक पडतो. 'तो जाड आहे' हे वर्णन. 'तो जाडा आला' म्हटलं की विशेषणाचं नाम झालं, आणि माणसाची ओळखच घेरावर येऊन बसली. पुढची पायरी 'जाड्या'. काळ्या, बुटक्या, टकल्या यांच्याच रांगेतलं हाक मारायचं रूप. लॉरेल-हार्डीच्या जोडीला मराठीत 'जाड्या-रड्या' म्हणतात ते याच साच्यातलं. लाडाचं 'जाडुला' आणि थट्टेचं 'जाडोबा' हीदेखील नामंच. पत्रकात विशेषणाचं नाम होऊ देऊ नका, एवढं पथ्य पाळलं तरी अर्धं काम होतं.

'जाडसर'मधला 'सर' हा उणा करणारा प्रत्यय आहे. थालिपिठाची भाजणी जाडसर दळतात, म्हणजे रव्याइतकी जाड नव्हे, पण चकलीच्या भाजणीइतकी बारीकही नव्हे.

शुद्धलेखन: 'लठ्ठ' असंच लिहा. 'लट्ठ' हे हिंदी वळण. मराठीत चिठ्ठी, मठ्ठ, अठ्ठावीस यांच्यासारखं ठ्ठ. 'लठ्ठ'ला 'मठ्ठ'चं यमक फार सहज जुळतं, आणि हा शब्द चिडवायला वापरला जातो त्यात या यमकाचा वाटा मोठा आहे असं माझं मत.

दवंडी
एवढा विचार कशाला? लोक 'जाड' बोलतात, 'जाड'च लिहा. 'स्थूल' लिहिलं की निम्मे लोक पुढे वाचणारच नाहीत.

बारीकसारीक
@दवंडी, 'स्थूल' टाळावा याच्याशी सहमत, पण कारण वेगळं. शब्द अवघड आहे म्हणून नाही, त्याच्यावर आधीच दुसरी कामं लादलेली आहेत म्हणून. 'स्थूलमानाने' म्हणजे ढोबळमानाने. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात 'स्थूल देशांतर्गत उत्पादन' असतं, तिथे स्थूलच्या विरुद्ध 'निव्वळ'. तत्त्वज्ञानात स्थूलदेह आणि सूक्ष्मदेह, तिथे विरुद्ध 'सूक्ष्म'. शरीराबद्दल बोलताना विरुद्ध 'कृश'. तीन दुकानांत कामाला असलेल्या माणसाला चौथीकडे बोलावण्यासारखं आहे.

गंमत म्हणजे याच शब्दाचं घरगुती रूप आपण आदराने वापरतो. संस्कृत 'स्थूर/स्थूल', प्राकृत 'थोर', मराठी 'थोर'. मूळ अर्थ आकाराने मोठा, जाडजूड. पुढे तो वयाने मोठा (लहानथोर) आणि मग गुणांनी मोठा झाला. वयाच्या मानाने आडमाप वाढलेल्या मुलाला 'थोराड' म्हणतात, त्यात जुना अर्थ अजून शिल्लक आहे.

पंचवटी स्टॉप
'लठ्ठ'ची दुसरी बाजू विसरू नका. लठ्ठ पगार, लठ्ठ फी, लठ्ठ देणगी. इथे 'जाड' बसत नाही. जाड पगार कुणाला नसतो. पैशाच्या बाबतीत 'लठ्ठ'मध्ये थोडा हेवा असतो, माणसाच्या बाबतीत थोडी टिंगल. दोन्हीकडे 'गरजेपेक्षा जास्त' हा अर्थ मात्र कायम. 'जाड'मध्ये तो नाही. जाड पोहे गरजेपेक्षा जास्त जाड नसतात, ते त्या जातीचेच असतात.

अवांतर: 'लठ्ठंभारती' हा जुना शब्द आता क्वचित ऐकू येतो. यातलं 'भारती' दशनामी संन्याशांच्या नावातलं: गिरी, पुरी, भारती, वन, अरण्य, पर्वत, सागर, तीर्थ, आश्रम, सरस्वती. कुंभमेळ्यात त्र्यंबकेश्वरला आखाडे उतरतात तेव्हा ही नावं कानावर पडतातच. आयता शिधा खाऊन अंगाने सुटलेल्या गोसाव्याची थट्टा त्या शब्दात आहे.

गोदातीर
आता वैद्यकीय बाजू, कारण इथे शब्द चुकला तर आकडाही चुकतो.

दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली 'जादा वजन', दुसरी 'लठ्ठपणा'. दोन्हींना 'जाड' म्हटलं की पायऱ्याच उरत नाहीत. मोजमाप बीएमआयने: वजन किलोमध्ये, भागिले उंची मीटरमध्ये, पुन्हा भागिले तीच उंची. ६८ किलो वजन आणि १५८ सेंमी उंची असेल तर ६८ ÷ १.५८ ÷ १.५८ = २७.२.

या आकड्याला नाव काय द्यायचं ते कोणता तक्ता हातात आहे त्यावर ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण तक्त्यात २५ पासून जादा वजन आणि ३० पासून लठ्ठपणा. म्हणजे वरची व्यक्ती 'जादा वजन' गटात. भारतीयांसाठी २००९ च्या तज्ज्ञ-सहमतीपासून वापरात आलेल्या तक्त्यात २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा. तीच व्यक्ती आता 'लठ्ठपणा' गटात. कारण आपल्याकडे कमी बीएमआयलाच पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. तुमचा मसुदा इंग्रजीवरून घेतलेला आहे म्हणताय, तर त्यात २५/३० असण्याची शक्यता दाट आहे. आधी ते तपासा.

बीएमआयपेक्षा कंबरेचा घेर जास्त उपयोगी, आणि तो मोजताना सगळ्यात जास्त चुका होतात. पुरुष ९० सेंमी, स्त्रिया ८० सेंमी, यापुढे धोका. मोजायची रीत: दोन्ही पाय थोडे फाकवून उभं राहायचं. बगलेच्या सरळ रेषेत खाली येऊन शेवटच्या बरगडीची खालची कड चाचपायची, मग कंबरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपायचा. या दोन खुणांच्या बरोबर मधोमध फीत. फीत न ताणणारी हवी. शिंप्याची जुनी कापडी फीत ताणून सैल झालेली असते, ती नको. फीत चहूबाजूंनी जमिनीला समांतर, अंगावर टेकलेली पण रुतलेली नाही. सहज श्वास सोडला की त्या क्षणी वाचायचं. दोनदा मोजा. एक सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही सोडून पुन्हा मोजा.

काय चुकतं? पुरुष पँटचा नंबर सांगतात. पण सुटलेल्या पोटाची पँट पोटाखाली बसते, त्यामुळे '३४' सांगणाऱ्याचा घेर प्रत्यक्षात ४० इंच निघू शकतो. साडीवर मोजलं तर निऱ्यांची जाडी घेरात मिळते. फीत दिसली की लोक पोट आत ओढतात, म्हणून बोलतं ठेवून मोजायचं.

वजनकाटा सतरंजीवर ठेवू नका, वजन चुकीचं दाखवतो. फरशीवर ठेवा आणि दर पाचपन्नास माणसांनंतर माहीत असलेलं वजन ठेवून तपासा. उंची मोजताना टाच, कुल्ला, पाठ भिंतीला. अंबाडा असेल तर सोडायला सांगा. दोन सेंमीची चूक किरकोळ वाटते, पण वरच्याच उदाहरणात उंची १५६ धरली तर बीएमआय २७.९ येतो. २३ किंवा २५ च्या सीमेवरचा माणूस तेवढ्याने इकडचा तिकडे जातो.

तालीमवाला
बीएमआय सगळ्यांना लावू नका. १७० सेंमी उंचीच्या पैलवानाचं वजन ७८ किलो असेल तर २७ येतो, म्हणजे तुमच्या तक्त्यात लठ्ठपणा. प्रत्यक्षात घेर ८२. त्याला 'धष्टपुष्ट' किंवा 'दणकट' म्हणतात. 'आडवा', 'धिप्पाड', 'भारदस्त', 'अंगापिंडाने भरलेला' हे सगळे शब्द आकार सांगतात, चरबी सांगत नाहीत. याउलट 'थुलथुलीत', 'फोपशा', 'ढेरपोट्या' हे मांस सैल आहे ते सांगतात. मराठीत हा फरक आधीपासून आहे, काट्यात नाही.

गोदातीर
@तालीमवाला, अगदी बरोबर. गरोदर स्त्रिया, अंगावर सूज असलेले रुग्ण आणि स्नायू झिजलेले वृद्ध यांनाही तो तक्ता सरळ लावता येत नाही. पत्रकात तशी एक ओळ हवीच.

आयुर्वेदातही हाच भेद आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २१ वा अध्याय अष्टौनिन्दितीय नावाचा, म्हणजे निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांचा. त्यात अतिस्थूलाची व्याख्या करताना वजन नाही, तर मेद आणि मांस वाढल्यामुळे कुल्ले, पोट, स्तन हलतात आणि अंगाच्या वाढीच्या मानाने उत्साह नसतो, असं सांगितलंय. अतिस्थूल आणि अतिकृश दोघेही निंदितांत, आणि दोन्हींत कृश त्यातल्या त्यात बरा, असा निवाडा. नाशकातच आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि आयुर्वेदाचे विद्यार्थी शिबिरांना येतात. त्यांच्या तोंडी 'स्थौल्य' आणि 'मेदोरोग' असेल. त्यांच्यासाठी ते ठीक, पत्रकात नको.

हरसूलकर
'लठ्ठ बालके' हा मथळा तर मुळीच नको. एकतर 'बालक' हा अंगणवाडीच्या रजिस्टरातला शब्द, आणि मुलांना मोठ्यांचा २३/२५ चा आकडा लावणं सरळसरळ चूक आहे.

पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते: उंचीच्या मानाने वजन +२ एसडीच्या (एसडी म्हणजे प्रमाण विचलन, सरासरीपासून किती दूर ते मोजायचं माप) वर गेलं तर जादा वजन, +३ च्या वर लठ्ठपणा. पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते. त्यात वयानुसार वर चढणाऱ्या दोन रेषा आहेत, मोठेपणीच्या २३ शी जुळणारी आणि २७ शी जुळणारी. दहा वर्षांच्या मुलाचा बीएमआय २१ दिसला की पालक निर्धास्त होतात, पण त्या वयाला तो वरच्या रेषांकडे गेलेला असतो. वय, मुलगा की मुलगी, हे टाकल्याशिवाय मुलांचा बीएमआय वाचायचाच नाही.

'गुटगुटीत' आणि 'बाळसं' या शब्दांचीही नीट दखल घ्या. दोन्ही कौतुकाचे. 'बाळसं धरणं' साधारण पहिल्या वर्षाचं, ते नैसर्गिक असतं. सात वर्षांच्या मुलाला 'गुटगुटीत' म्हणून दुर्लक्ष होतं तिथे अडचण. आणि उलट बाजूने, 'सूज म्हणजे बाळसं नव्हे' ही म्हण शब्दशः खरी आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांत काम करणाऱ्या सेविकांना हे शिकवलेलं असतं: दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबायचं. दोन्हीकडे खळगा पडून राहिला तर ती कुपोषणाची सूज असू शकते, मूल भरलेलं दिसत असलं तरी. काट्यावर वजन ठीक येतं, कारण सुजेतल्या पाण्यालाही वजन असतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंडघेर ११.५ सेंमीच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. पण सूज असेल तर दंडघेर काहीही येवो, मूल थेट दवाखान्यात पाठवायचं.

सिन्नरी
सगळे मराठी शब्दच बघताय. 'फॅट'चं काय? तरुण पोरं 'फॅट कमी करायचंय' म्हणतात, आणि आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर शेतकरी 'आज फॅट किती लागली?' विचारतो. तिथे फॅट जितकी जास्त तितका भाव. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हा पाया, म्हशीला ६ आणि ९. त्याच्या खाली पॉइंटामागे कपात. म्हणजे पत्रकात 'फॅट घटवा' लिहिलं तर सिन्नरच्या माणसाला ती तोट्याची भाषा वाटेल!

गर्बर पद्धतीची फॅट काढायची असेल तर: बुटीरोमीटरमध्ये (फॅट मोजायच्या खुणांच्या काचेच्या बाटलीत) आधी १० मिली सल्फ्युरिक आम्ल, मग कडेने हळू १०.७५ मिली दूध, वरून १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून नीट हलवायचं (बाटली तापते, फडक्यात धरा), सेंट्रीफ्यूजमध्ये (गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) मिनिटाला ११०० फेऱ्यांनी पाच मिनिटं, मग ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचायचं. आम्ल कमी तीव्र असेल तर पांढरे कण राहतात, जास्त असेल तर काळं जळतं. दोन्हींत वाचन चुकतं. पण सगळ्यात जास्त भांडणं होतात ती नमुना न ढवळता घेतल्यामुळे. साय वर आलेली असते, वरून घेतला तर फॅट फुगते, खालून घेतला तर शेतकऱ्याचं नुकसान.

चांदवडी
अवांतरात अवांतर. लासलगावला 'जाड मान' हा शिव्या खाणारा शब्द आहे. उन्हाळ कांदा चाळीत भरताना जाड मानेचा वेगळा काढतात, कारण मान सुकत नाही, तोंड मिटत नाही आणि तिथूनच सड शिरते. उशिरा दिलेला युरिया आणि काढणीपर्यंत चालू ठेवलेलं पाणी ही दोन मुख्य कारणं. निम्म्या माना पडल्या की काढणी, त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी बंद. पातीसकट शेतात सुकवून मग दोन-अडीच सेंमी मान ठेवून कापायचं. मान न ठेवता कापलेला जाड मानेचा कांदा सगळ्यांत आधी जातो.

भांडीबाजार
आमच्याकडेही 'जाड'. पण पत्र्याच्या गेजमध्ये उलटा हिशेब: आकडा वाढला की पत्रा पातळ. १६ गेज साधारण १.६ मिमी, १८ ला १.२, २० ला ०.९, २२ ला ०.७. 'जाड बुडाचं' मागून गिऱ्हाईक २२ गेज घेऊन जातं, कारण बावीस सोळापेक्षा मोठे वाटतात. पत्रकातल्या तक्त्यात असा उलटा आकडा कुठे नाही ना, ते बघा.

पिंपळपार (धागाकर्ते)
सर्वांचे आभार. २५/३० च आले होते, बदलले. नवा मसुदा:

"उंचीच्या मानाने तुमचं वजन जास्त आहे का? इथे मोजून घ्या. बीएमआय २३ ते २४.९: जादा वजन. २५ व त्यापुढे: लठ्ठपणा. कंबरेचा घेर पुरुष ९० सेंमी, स्त्रिया ८० सेंमी यापेक्षा जास्त असेल तर साखर आणि रक्तदाबही तपासा. गरोदर स्त्रिया आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी हे आकडे लागू नाहीत. मुलांचा तक्ता वेगळ्या टेबलावर. लठ्ठपणा असलेल्या व्यक्तींनी वजन कमी करावे."

अडकित्ता
छान झालंय. शेवटचं वाक्य अजून भाषांतराचं वाटतं. 'लठ्ठपणा असलेल्या व्यक्तींनी' असं कुणी बोलत नाही. 'ज्यांना लठ्ठपणा आहे त्यांनी' म्हणा. 'उंचीच्या मानाने' फार चांगलं. हा मराठीचा स्वतःचा तोलकाटा आहे, तिथे विशेषण माणसाला लागतच नाही.

गोदातीर
'वजन कमी करावे' मोघम आहे. किती, ते लिहा. सुरुवातीला आहे त्या वजनाच्या ५ टक्के हे उद्दिष्ट ठेवलं तरी साखर आणि रक्तदाबात फरक दिसतो. ६८ किलोच्या माणसाला ते साडेतीन किलोही नाही. 'आदर्श वजन ५७ किलो' असा आकडा हातात दिला की माणूस पुन्हा शिबिराला येत नाही.

दवंडी
बरं, 'जाड' एकदाही आला नाही. मान्य. निदान वर मोठ्या अक्षरात 'वजन वाढलंय?' एवढंच टाका, लांबून वाचता येईल. 'पोट सुटलंय?' हेही चालेल, लोक हसत का होईना थांबतील.

हरसूलकर
'पोट सुटलंय?' मुलांच्या टेबलावर लावू नका फक्त. आणि पत्रकातल्या चित्रात फीत बेंबीच्या बरीच खाली, पँटच्या पट्ट्यावर दाखवलीय. ती वर, बरगडी आणि कंबरेच्या हाडाच्या मधोमध आणून मगच छापायला द्या, नाहीतर स्वयंसेवक तिथेच मोजतील.